थांबलेली मोटर पकड का सोडते? आमच्या छोट्या सीएनसी मशीनवरचा एक पाठ



आजचा पाठ पुस्तकातला नाही. शाळेतल्या एका मशीनने माझीच परीक्षा घेतली आणि मी पहिल्या फेरीत नापास झाले, त्यातून तो तयार झाला. विज्ञान, गणित, कार्यानुभव, सगळंच त्यात आहे. तुमच्या शाळेत किंवा घरी असं छोटं मशीन असेल, किंवा नुसती जुन्या प्रिंटरची मोटर पडून असेल, तरी हा पाठ घेता येईल.

आधी मशीनची ओळख. नाशिकला सातपूर आणि अंबड या दोन एमआयडीसी आहेत, त्यामुळे आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी लेथ, जॉब, शिफ्ट हे शब्द रोज कानावर पडतात. एका विद्यार्थ्याचे वडील टर्नर आहेत. त्यांनी हौसेने एक लहान सीएनसी मशीन जोडलं आणि सहा महिन्यांसाठी शाळेत ठेवलं. टेबलावर मावेल एवढं. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, तीन स्टेपर मोटर, एक आर्डुइनो बोर्ड, त्यावर बसणारं सीएनसी शिल्ड आणि ए ४९८८ नावाचे नखाएवढे तीन ड्रायव्हर. संगणकावरून आकृती पाठवली की कटर प्लायवर ती कोरतो. मोठ्या कंपनीत जे लाखोंच्या मशीनवर चालतं त्याचंच हे बाळरूप. (अटल टिंकरिंग लॅब सहावीपासून पुढच्या वर्गांसाठी असते. आमची शाळा पाचवीपर्यंतची, त्यामुळे आमच्यासाठी हे मशीन म्हणजे लॉटरीच होती. कटर फिरत असताना मुलं टेपने आखलेल्या रेषेबाहेर, गॉगल लावून उभी राहतात, हा नियम पहिल्या दिवसापासून आहे.)

मुलांना वाचन कोपऱ्यासाठी पाटी करायची होती: ‘आमचे वाचनालय’. प्रत्येक अक्षर झालं की मशीन कटर ५ मिलिमीटर वर उचलून थांबेल असा प्रोग्राम केला होता. मग मी कटरची मोटर बंद करायची, एका मुलाने ब्रशने भुसा झाडायचा, आणि पुढचं अक्षर. ‘आ’ सुरेख उमटला. भुसा झाडला, मी पुन्हा सुरू केलं, आणि कटर ‘आ’पासून ‘म’कडे जाताना लाकडावर तिरकी रेघ ओढत गेला. उचललेला असायला हवा होता, तो चक्क टेकलेला होता! ‘म’च्या जागी पोचून तो खाली घुसला आणि कट्कन मोडला. प्लायला आरपार भोक.

मी ब्रशवाल्या मुलावर ओरडले. "हळू झाड म्हटलं होतं ना? धक्का दिलास तू." तो म्हणाला, "नाही मॅडम, मी धक्का नाही दिला. ते आपोआप खाली आलं. हळूहळू." मी ऐकून घेतलं नाही. ब्रश दुसऱ्याच्या हातात दिला. तो दिवसभर मागच्या बाकावर गप्प बसून होता.

त्याचं म्हणणं शब्दशः खरं होतं. ते कळायला मला आठवडा लागला.

आता मुद्द्याकडे येऊ. स्टेपर मोटर ही पंख्याच्या मोटरसारखी नसते. पंख्याला वीज दिली की तो फिरत राहतो. स्टेपर एकेक पाऊल टाकते आणि थांबते. आमच्या मशीनवरच्या मोटरला एका फेरीत २०० पावलं लागतात, म्हणजे एक पाऊल १.८ अंशाचं. (३६० भागिले २००. हे गणित मुलांनीच करावं, लगेच येतं.) आत मधोमध दातेरी चुंबक आहे आणि भोवती तांब्याच्या तारेची वेटोळी, म्हणजे कॉइल. कॉइलमधून वीज गेली की ती चुंबक होते आणि मधल्या दात्यांना ओढून धरते. वीज एका कॉइलमधून दुसरीत सरकली की दाते एक पाऊल पुढे जातात.

थांबलेली असतानाही मोटरला वीज लागते, ही गोष्ट मुलांना आणि खरं सांगायचं तर मलाही पटकन पटली नाही. हलतच नाही तर वीज कशाला? यासाठी वर्गात एक सोपा प्रयोग करा. एका मुलाला दप्तर घेऊन हात समोर सरळ ताठ धरायला सांगा. दप्तर हलत नाही. पण मिनिटभरात हात थरथरायला लागतो, घाम येतो. दप्तर जागच्या जागी धरून ठेवायला स्नायू सतत काम करत असतात. मोटरचंही तसंच. वीज चालू आहे तोवर ती पकडून ठेवते, आणि ती सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणून थांबलेली स्टेपर हाताला गरम लागते. बिघाड नाही तो. वीज गेली की दप्तर खाली.

अगदीच खाली असंही नाही. वीज नसताना दात्यांच्या कायमच्या चुंबकत्वामुळे थोडी अडखळ उरते. मोटर हाताने फिरवली की जी टकटक जाणवते, ती हीच. आमच्या मोटरची वीज चालू असतानाची पकड साधारण ४ किलो-सेंटिमीटर, आणि वीज बंद असतानाची अडखळ त्याच्या वीस-पंचविसाव्या हिश्शाएवढीच.

इथे मशीनच्या उभ्या अक्षाचा, ज्याला झेड म्हणतात त्याचा, प्रश्न येतो. आडवे दोन अक्ष मोटरने सोडले तरी जागेवर बसून राहतात, त्यांना कोणी ओढत नाही. झेडवर मात्र कटर, त्याची मोटर, पट्ट्या असं सगळं मिळून दीड किलो वजन लटकलेलं. ते वजन एका आट्यांच्या दांड्यावर, म्हणजे लीड स्क्रूवर, पेललेलं असतं. आमचा स्क्रू ८ मिलिमीटर व्यासाचा होता आणि एका फेरीत नट ८ मिलिमीटर सरकायचा. याला चार सुरुवातीचे आटे असतात, त्यामुळे आट्यांचा चढ मोठा, जवळपास २० अंशांचा. जलद चालतो, म्हणून बहुतेक हौशी मशीनवर हाच असतो. पण एवढ्या चढावरून नट वजनाने घसरू शकतो. एका फेरीत २ मिलिमीटर सरकणारा एकेरी आट्याचा स्क्रू घेतला तर चढ ५ अंशांच्या आसपास, आणि तिथे घर्षणच नटाला धरून ठेवतं. वीज असो नसो.

मुलांना हे कसं सांगायचं? मी लाकडी फळी आणि खोडरबर घेतलं. फळी थोडी तिरकी केली की रबर बसून राहतं. उचलत उचलत गेलं की एका क्षणी घसरतं. मग फळीवर पावडर टाकली. आता कमी उतारावरच घसरलं. आमच्याकडच्या मुलांना कसारा घाट माहीत असतो. तिथे ३७ फुटांना १ फूट एवढ्याच चढासाठी गाडीला मागून बँकर इंजिन लावतात. एवढासा चढ, तरी लोखंडावर लोखंड असल्यामुळे ब्रेक सुटला तर गाडी मागे यायचीच. "मॅडम, मग आपल्या मशीनचा ब्रेक कोण?" हा प्रश्न एका मुलीने विचारला. पाठ टाचणात असा प्रश्न लिहिला असता तर तो कृत्रिम वाटला असता! ब्रेक म्हणजे ती मोटरच. आणि ती पकड सोडत होती.

आता दोष शोधणं. इथे मी काय चुकले ते आधी सांगते, म्हणजे तुमचा आठवडा वाचेल.

वडिलांना फोन केला. ते म्हणाले, कपलिंगचा ग्रब स्क्रू ढिला असेल. मोटरचा शाफ्ट आणि लीड स्क्रू यांना जोडणारा जो गोल तुकडा असतो त्याला हे बिनडोक्याचे स्क्रू असतात, आणि कंपनाने ते खरंच सैल होतात. ॲलन कीने घट्ट केले. फरक नाही. मग मी कुठेतरी वाचलं की पकड कमी पडत असेल तर ड्रायव्हरचा करंट वाढवावा. ए ४९८८वर एक छोटा फिरवायचा स्क्रू असतो. मल्टिमीटरची एक टोचणी त्या स्क्रूवर आणि दुसरी ग्राउंडवर ठेवली की एक व्होल्टेज दिसतं. त्याचं सूत्र असं: व्होल्टेज = ८ × करंट × ड्रायव्हरवरच्या बारीक रेझिस्टरचं मूल्य. आमच्या ड्रायव्हरवर आर १०० असं कोरलेलं, म्हणजे ०.१ ओहम. तेव्हा १ अँपिअरसाठी ०.८ व्होल्ट. (आर ०६८ किंवा आर ०५० लिहिलेले ड्रायव्हरही येतात. दुसऱ्याचा आकडा डोळे मिटून उचलू नका.) मी ०.६ वरून ०.८ केलं. मोटर चांगलीच तापली. आणि झेड पूर्वीसारखाच खाली आला.

दुखणं एक आणि औषध दुसऱ्याच दुखण्याचं, असा प्रकार. मी एकदाही विचार केला नव्हता की घसरताना मोटरमध्ये वीज आहे तरी का.

साधा हिशोब केला असता तरी संशय आला असता. दीड किलोचं वजन, एका फेरीला ८ मिलिमीटर. घर्षण सोडून दिलं तर तेवढं वजन तोलायला फक्त ०.२ किलो-सेंटिमीटर पुरतं. मोटर धरू शकते ४. म्हणजे वीज असेल तर ती वीसपट वजन पेलेल. करंट थोडा कमी असला तरी असं आरामात घसरायचं कारणच नाही. उलट वीज नसेल, तर उरलेली अडखळ जेमतेम या वजनाएवढीच. काठावरचा मामला. ब्रशचा हलका स्पर्शही पुरे, आणि कधी तोही नको.

मग शनिवारी दुपारी, शाळा सुटल्यावर, तो मागच्या बाकावरचा मुलगा आणि मी, आम्ही दोघं बसलो. तोच म्हणाला होता ना, आपोआप आलं म्हणून. म्हटलं, दाखव कसं आलं ते. त्याने आधी काय करावं? पांढऱ्या रंगाच्या पेनने मोटरचा शाफ्ट, कपलिंग आणि लीड स्क्रू या तिघांवरून एकच सरळ रेघ ओढली. त्याच्या बाबांना त्याने कामावर असं करताना पाहिलेलं. रेघ तुटली तर जोड घसरला, रेघ अखंड राहून फिरली तर मोटरच फिरली. एवढ्या एका खुणेने निम्मा तपास होतो. माझ्या आठवडाभराच्या खटपटीपेक्षा ती पेनची रेघ मोलाची होती.

शेजारी मोजपट्टी चिकटवली. झेड वर उचलला, थांबवला, आणि बघत बसलो. रेघ अखंड, पण हळूहळू फिरत होती. म्हणजे जोड घट्ट, मोटरच सुटलेली. मग मी झेड हलत असताना कपलिंगला बोट लावलं (कटर बंद ठेवून, अर्थातच): दगडासारखं घट्ट. थांबला त्या क्षणी पुन्हा फिरवून पाहिलं: मऊ. टकटक करत फिरलं. हलताना पकड आहे, थांबताच नाही! म्हणजे थांबल्यावर कोणीतरी मुद्दाम वीज तोडत होतं.

ते कोणीतरी म्हणजे आर्डुइनोमधला प्रोग्राम, जीआरबीएल. त्यात क्रमांक १ची एक सेटिंग आहे: हालचाल संपल्यावर किती मिलिसेकंदांनी मोटर मोकळ्या सोडायच्या. मूळ आकडा २५ असतो, म्हणजे सेकंदाचा चाळिसावा भाग. उद्देश चांगला, मोटर उगाच तापू नयेत. आडव्या अक्षांना चालून जातं. आमच्या झेडला नाही. तिथे २५५ लिहिलं की प्रोग्राम मोटर कधीच सोडत नाही, कायम पकडून ठेवतो. सेंडरच्या खिडकीत ‘$१=२५५’ असं (इंग्रजी आकड्यांत) टाइप करून एंटर, आणि एकदा अक्ष हलवून बघायचं. केलं. दहा मिनिटं मोजपट्टीकडे बघत बसलो. एक रेघही हलली नाही.

"पण मॅडम, मागच्या आठवड्यात तर चालत होतं," मुलगा म्हणाला. बरोबर प्रश्न. सेटिंग पहिल्यापासून तीच होती. मग आठवलं, पाटीच्या आधीच्या शनिवारी त्याच्या बाबांनी येऊन स्क्रूला ग्रीस लावलं होतं. फळीवरची पावडर! कोरड्या स्क्रूचं घर्षण आजवर आमचा दोष झाकत होतं. देखभाल केली आणि दोष उघडा पडला. मुलगा हसला. आठवड्यात पहिल्यांदा.

तुमच्याकडे मोटर थांबल्यावरही घट्टच असेल आणि तरी अक्ष सरकत असेल, तर मात्र पांढऱ्या रेघेकडे बघा, ग्रब स्क्रू तपासा, आणि मगच करंट. मोटर सुरुवातीपासूनच सैल, हलताना नुसती थरथरते, असं असेल तर कॉइलच्या तारांची जोडी चुकलेली असू शकते. आणि एक ताकीद: ड्रायव्हरला वीज चालू असताना मोटरची वायर कधीही काढू किंवा लावू नका. ड्रायव्हर जळतो, आणि कधीकधी आवाजही न करता.

तारांची जोडी ओळखायची युक्ती हाच मुलांसाठी सगळ्यात आवडता प्रयोग ठरला. भंगारवाल्याकडून जुन्या प्रिंटरची चार तारांची स्टेपर आणा. कशालाही न जोडता शाफ्ट फिरवा, सहज फिरतो. आता कोणत्याही दोन तारांची टोकं एकमेकांना टेकवा आणि फिरवा. जोडी एकाच कॉइलची असेल तर शाफ्ट एकदम जड लागतो. दुसऱ्या कॉइलची तार असेल तर काहीच फरक नाही. ना सेल, ना चार्जर. वर्गात "भूत आहे, भूत आहे" सुरू झालं. मग त्या दोन तारांमध्ये एलईडी लावून शाफ्ट जोरात फिरवला, तो लुकलुकला. म्हणजे फिरवताना मोटर स्वतः वीज तयार करते, आणि तारा टेकवल्या की तीच वीज तिला मागे ओढते. शेवटी दीड व्होल्टचा सेल एका जोडीला मिनिटभर लावा (जास्त नको, सेल आणि कॉइल तापतात). आता शाफ्ट ठरावीक जागी धरून बसतो. आमच्या मशीनला हवी असलेली पकड ती हीच, मुलांच्या बोटांना कळलेली. चौथीतल्या मुलांनाही फरक सांगता आला: तारा टेकवल्यावर फिरवताना जड जातं, पण सोडलं तिथे राहतं. सेल लावल्यावर सोडलं की परत आपल्या जागी येतं.

पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३पासून हेच केलं. आधी हाताला काम, मग त्यातून विज्ञान. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने तिथे २००२ साली फॅब लॅबही उभी राहिली. आपल्याला तेवढं जमणार नाही, पण प्रिंटरची मोटर आणि एक सेल जमतो.

२५५ केल्यावर दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली उष्णता. मोटर आता सतत चालू. हात लावून धरता येत नसेल तर करंट कमी करा. करंट निम्मा केला की पकड साधारण निम्मी होते, पण उष्णता चौथाईवर येते (उष्णता करंटच्या वर्गाने बदलते, मोठ्या मुलांसाठी छान उदाहरण). आमच्याकडे पकड वीसपट होती, त्यामुळे मी ०.८ वरून पुन्हा ०.६ व्होल्टवर आले. मोटरचा धारक थ्री-डी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकचा केलेला असेल तर जास्तच जपा, ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं.

दुसरी गोष्ट म्हणजे लाईट. कितीही २५५ लिहा, वीज गेली की पकड गेली. खरा उपाय २ मिलिमीटरचा स्क्रू, तो आता बाबांनी बसवलाय. त्यासाठी मुलांनी गणित केलं: २०० पावलं, प्रत्येकाचे १६ बारीक भाग, म्हणजे फेरीला ३२००. आधी ३२०० भागिले ८, म्हणजे मिलिमीटरला ४००. आता ३२०० भागिले २, म्हणजे १६००. हा आकडा सेटिंग १०२मध्ये बदलला. झेड पूर्वीपेक्षा सावकाश चालतो. चालू दे.

पण स्क्रू येईपर्यंतच्या पंधरा दिवसांत काय, हा प्रश्न होताच. सोमवारी परिपाठाच्या वेळी मी सगळ्या वर्गासमोर त्या मुलाला सांगितलं की धक्का त्याने दिला नव्हता, चूक माझी होती, आणि त्याने बरोबर पाहिलं होतं. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी दप्तरातून सागवानाचा एक तुकडा काढून त्याने टेबलावर ठेवला. घरी घासून गुळगुळीत केलेला, बरोबर झेडखाली बसेल एवढा. त्यावर पेनने लिहिलं होतं, ‘टेकू. लाईट गेल्यावर लावणे.’ ब्रश आता त्याच्याकडेच आहे. नवीन प्लायवर ‘आमचे वाचनालय’ पूर्ण झालंय, आणि भोक पडलेली पाटी मुलांनी टाकू दिली नाही, ती मशीनच्या मागे भिंतीला लावलीय.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, नाशिक